मामांच्या युकुलेलेला गिअर बसवायचे का?

बोरिवलीहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे मामा मर्चंट नेव्हीत होते आणि त्यांनी कुठल्याशा सफरीत आणलेलं जुनं सोप्रानो युकुलेले, म्हणजे गिटारसारख्या ह्या चार तारांच्या छोट्या वाद्याचं नेहमीच्या मापांतलं सगळ्यात लहान माप, घरात आहे. त्याच्या खुंट्या हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या डोक्याच्या, मागे सरळ निघालेल्या, म्हणजे फ्रिक्शनच्या. फिरवायला गेलं की तार एकतर एकदम चढते, नाहीतर हात काढताच उतरते. दुकानात सांगितलं, "ह्या काढून टाका, गिटारसारख्या गिअरवाल्या बसवून देतो, कायमची कटकट जाईल." नऊ वर्षांच्या मुलीला शिकायचं आहे. तर गिअर बसवून घ्यावेत का? आणि नवंच घ्यायचं झालं तर कसल्या खुंट्यांचं घ्यावं?

ताई, आधी उत्तर, मग कारणं. मामांच्या वाद्याला ड्रिल लावू देऊ नका. मुलीसाठी वेगळं, सोप्रानोहून थोड्या मोठ्या कॉन्सर्ट मापाचं घ्या आणि ते बिनधास्त गिअरवालं घ्या. दुकानदार खोटं बोलत नाहीये. गिअरने सूर लावणं सोपं होतंच. पण वाद्याचं वजन त्याने लक्षात घेतलेलं दिसत नाही, आणि खुंट्या खरंच बिघडल्यात की नुसत्या सैल झाल्यात हेही तुमच्या लिहिण्यावरून तरी कोणी तपासलेलं वाटत नाही.

फ्रिक्शन खुंटीत लपवण्यासारखं काही नाही. एक दांडा हेडस्टॉकच्या आरपार जातो. पुढच्या टोकाला तार ओवायचं भोक, मागच्या टोकाला बटण. बटणाच्या बुडातून एक बारीक स्क्रू दांड्यात शिरतो. तो आवळला की बटण आणि पुढची कड मिळून मधलं लाकूड दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, मध्ये वॉशर असतात, आणि त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावरच तार थांबते. बटण एक वेढा फिरलं की दांडाही एक वेढा फिरतो. गिअरच्या खुंटीत बटणाच्या दांड्यावर आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. तो एका छोट्या दातेरी चक्राला ढकलतो आणि तारेचा दांडा त्या चक्रावर बसलेला असतो. १४:१ लिहिलेलं असेल तर बटणाचे चौदा वेढे झाले की दांड्याचा एक. वर्मची गंमत अशी की बटण चक्राला फिरवतं, पण चक्र बटणाला फिरवू शकत नाही. तार कितीही ओढू दे, खुंटी जागची हलत नाही. पकड स्क्रूवर नाही, रचनेवर आहे. गिअरचा खरा फायदा हा आहे. बारीक सूर लावता येतो तो दुसरा.

आता बारीक सुराचं. सोप्रानोची तार घोडीपासून खुंटीपर्यंत साधारण चाळीस सेंटिमीटर धरा आणि दांडा सहा मिलिमीटर जाडीचा. नायलॉनची ए तार (चार तारा जी, सी, ई, ए ह्या सुरांना लावतात) अर्धा स्वर चढवायला जेवढी ताणावी लागते, ते ढोबळ हिशोबाने एक-सव्वा मिलिमीटर भरतं. म्हणजे खुंटी वीस-पंचवीस अंश फिरवायची, घड्याळातल्या मिनिटकाट्याची चार मिनिटं. एवढ्यात अख्खा अर्धा स्वर! क्लिप ट्यूनरचा, म्हणजे डोक्याला चिमट्याने लावायच्या सूर दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा हिरव्यात आणायला त्याचा विसावा भाग पुरतो, म्हणजे एक अंशाच्या आसपास. १४:१ च्या गिअरला तेच काम बटण पंधरा-सोळा अंश फिरवून होतं, जे कुठल्याही हाताला जमतं.

हा हिशोब सगळ्या तारांना सारखा लागू नाही, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. सी तार सर्वांत खालच्या सुराची, तिच्यात जाडीच्या मानाने ताण कमी, त्यामुळे ती मुळात ताणलेलीही कमी असते. तिला अर्धा स्वर चढायला अर्धा मिलिमीटरसुद्धा पुरतो, म्हणजे खुंटीचे आठ-दहा अंश. फ्रिक्शनवर सी सगळ्यात नाठाळ असते ती ह्यामुळे. "सीची खुंटी खराब आहे" अशी तक्रार घेऊन लोक येतात, मी तीच खुंटी काढून एच्या जागी लावून दाखवतो, तिथे ती गुणी मुलीसारखी वागते.

स्टीलच्या तारेला हे गणित आणखी कठीण जातं, कारण स्टील जवळपास लांबतच नाही. फ्रिक्शनसारख्या १:१ खुंटीवर स्टील लावलं तर बोटाच्या नुसत्या थरथरीने सूर हलेल. आपल्याकडे तंबोऱ्याला हा प्रश्न फार आधी सोडवलेला आहे: खुंटीने सुराच्या जवळ जायचं आणि घोडीखालच्या मण्याने नेमका सूर धरायचा. व्हायोलिनला टेलपीसवर बारीक स्क्रू असतो, निदान ई तारेला तरी असतोच. युकुलेलेला मणी नाही आणि स्क्रूही नाही, तरीही फ्रिक्शन खुंटी तिथे निभावते, कारण नायलॉन लवचीक आहे. ज्यांनी तंबोरा किंवा सतार लावली आहे त्यांना फ्रिक्शनच्या युकुलेलेची भीती वाटत नाही, असं माझ्या गिरगावातल्या दुकानात वारंवार दिसतं. गिटारवरून आलेले मात्र पहिल्या दिवशी वैतागतात.

आणखी एक गोष्ट हाताला जाणवते पण कोणी सांगत नाही. फ्रिक्शन खुंटी वर चढवताना तुम्ही तारेच्या ओढीशी आणि घर्षणाशी, दोघांशी झगडता. खाली उतरवताना तार तुमच्याच बाजूने ओढत असते. त्यामुळे चढवताना जड आणि उतरवताना निसटती, असं होणारच. तो बिघाड नाही. उपाय सोपा आहे. सूर नेहमी खालून वर लावायचा. जास्त चढला तर चांगला अर्धा स्वर खाली उतरा आणि पुन्हा वर या. डाव्या हाताने मान घट्ट धरा, बटण अंगठा आणि तर्जनीच्या बाजूच्या कांड्यात पकडा, मनगट फिरवू नका, नुसती बोटं दाबल्यासारखी हलवा. सूर आला की तार बाराव्या पडद्यापाशी बोटाने जराशी उचलून सोडा. उतरली तर पुन्हा. दोन-तीन वेळा असं केलं की ती बसते.

आता वजन. दुकानात कोणी हे बोलत नाही आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सोप्रानो फार हलकं वाद्य. त्याला पट्टा लावत नाहीत. उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने छातीशी दाबून धरतात आणि डावा हात मानेवर मोकळा फिरतो. गिअरच्या चार खुंट्या म्हणजे पत्रा, चक्र, वर्म, वर बाजूला निघालेली बटणं, आणि हे सगळं वजन नेमकं मानेच्या टोकाला. मान खाली झुकायला लागते. मग डावा हात स्वर दाबायचं सोडून मान तोलत बसतो, कॉर्ड बदलताना वाद्य हलतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. टेनर हे कॉन्सर्टहूनही मोठं माप, त्याचं पोट मोठं, त्याला हा भार कळतही नाही. कॉन्सर्टला थोडा कळतो पण चालून जातो. जुन्या, पातळ लाकडाच्या सोप्रानोला मात्र तो सोसत नाही. शिवाय बाजूला कान काढलेलं सोप्रानो दिसायला फार वाईट दिसतं. हे माझं मत आहे, पटवून घ्यायची सक्ती नाही.

फ्रिक्शन म्हणजे जुनाट आणि स्वस्त, असा समज इथे पसरलाय तो बाजारामुळे. मुंबईत दिसणारी रंगीबेरंगी स्वस्त युकुलेले जवळपास सगळी गिअरवाली, म्हणून "साध्यालासुद्धा गिअर असतात, मग ह्याला का नाहीत?" असा प्रश्न येतो. वाद्याचा इतिहास उलट आहे. मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग जहाजाने होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या मान्युएल नुनेस, जोझे दो एस्पिरितो सांतो आणि ऑगुस्तो दियास ह्या सुतारकाम जाणणाऱ्यांनी मशेत नावाच्या आपल्या छोट्या वाद्यावरून युकुलेले घडवलं. त्याला लाकडी खुंट्या होत्या, व्हायोलिनसारख्याच. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याची लाट आली, मार्टिनसारख्या गिटारच्या कारखान्यांनीही युकुलेले काढली, आणि लाकडी खुंट्यांच्या जागी हळूहळू स्क्रूवाल्या धातूच्या फ्रिक्शन खुंट्या आल्या. अनेक चांगले कारागीर आजही सोप्रानोला मुद्दाम फ्रिक्शनच लावतात. स्वस्त वाद्यांना गिअर लावतात कारण स्वस्त फ्रिक्शन खुंटी अगदीच टाकाऊ असते: प्लॅस्टिकचं बटण, पातळ वॉशर, धड न आवळणारा स्क्रू. स्वस्त गिअर निदान तार धरून तरी ठेवतो. म्हणजे दोन्हींतलं स्वस्तच घ्यायचं तर गिअर, दोन्हींतलं उत्तम परवडत असेल आणि वाद्य सोप्रानो असेल तर फ्रिक्शन.

मुंबईची हवा ह्यात आपला हात घालतेच. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड ओल पितं आणि फुगतं. हेडस्टॉकची जाडी केसभर वाढली तरी फ्रिक्शनचा स्क्रू तेवढा जास्त आवळला जातो आणि खुंटी झटके देत फिरते. थंडीत, किंवा महिनाभर एसीच्या खोलीत ठेवलं की लाकूड आकसतं आणि तीच खुंटी सटकायला लागते. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा स्क्रूला हात लावावा लागतो, बस, एवढीच तिची सेवा. नायलॉनची तारही ओल पिते आणि सूर सोडते. फ्लोरोकार्बनची फारशी पीत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांना, वर्सोवा, वरळी, कुलाबा, गिअरचा वेगळा त्रास: उघड्या गिअरवर खारी हवा बसते, स्वस्त लोखंडी वर्मवर तांबेरा चढतो आणि फिरवताना करकर होते. वर्षातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडून दातांवर ग्रीसचा एक ठिपका पुरतो.

ग्रीसचा विषय निघाला म्हणून सांगतो: फ्रिक्शन खुंटीला तेल कधीही घालू नका. घरात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली असते, कोणीतरी मोठं माणूस "जाम झालंय, दोन थेंब सोड" म्हणतं, आणि ज्या घर्षणावर सगळं उभं आहे तेच जातं. वॉशरने तेल प्यायलं, लाकडात मुरलं की मग कितीही आवळा. तुमच्या वर्णनात एकदम वर जाणं आणि सोडताच उतरणं ही दोन्ही लक्षणं एकत्र आहेत. एक तर वॉशर झिजून कडक झालेत, किंवा कधीतरी तेल पडलंय.

तपासणी घरी होते. चारही तारा थोड्या सैल करा, पण एका वेळी एकच खुंटी उघडा, म्हणजे कुठला वॉशर कुठे हा घोळ होत नाही. खाली पांढरा रुमाल पसरा. हे वॉशर मसुराच्या डाळीएवढे असतात आणि बोरिवलीच्या टाइल्सवर पडले की फर्निचरखालीच जातात. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, चष्म्याच्या दुरुस्तीवाल्यापेक्षा एक माप मोठा. स्क्रू निघाला की बटण मागे ओढून घ्या, दांडा पुढून बाहेर येईल. वॉशर नखाने दाबून बघा: फायबरचा असेल आणि काचेसारखा चकचकीत, गुळगुळीत झाला असेल तर तो संपला. बटणाच्या आतल्या बाजूला काळी रेघ दिसली तर ते जुनं तेल आणि धूळ. सगळं कोरड्या कापडाने पुसा. तेल असेल तर कापसाला स्पिरिट लावून फक्त धातू पुसा. प्लॅस्टिकच्या बटणाला आणि पॉलिशला स्पिरिट लागू देऊ नका, पॉलिश क्षणात पांढरं पडतं.

नवे वॉशर नागदेवी स्ट्रीटला मिळतात. जुना सोबत न्या, दांड्यावर चालवून बघा आणि नायलॉन किंवा फायबरचे घ्या. किंमत इतकी किरकोळ की दुकानदार चार द्यायला कुरकुरेल, मूठभर घ्या. परत बसवताना स्क्रू आधी हाताला लागेल इतकाच आवळा, तार सुरावर आणा, उतरली तर पाव वेढ्याच्या अर्ध्याने आवळा, पुन्हा बघा. तार थांबली की तिथेच थांबा. पुढे आवळत गेलात की खुंटी झटके देते किंवा बटण तडकतं. स्क्रूचे आटेच गेले असतील तर मात्र पूर्ण नवा फ्रिक्शनचा सेट घ्यावा लागेल, तोही त्याच भोकात बसणारा. व्हर्निअरने भोकाचं माप घेऊन मगच मागवा.

हे करण्याआधी एक खात्री करून घ्या की गुन्हा खुंटीचाच आहे. बटणावर आणि हेडस्टॉकवर मिळून पेन्सिलची एक बारीक रेघ ओढा. अर्ध्या तासाने तार उतरली आहे पण रेघ जुळलेलीच आहे, तर खुंटी निर्दोष. मग तार नवी असेल, आणि नायलॉनची नवी तार पहिले काही दिवस लांबत राहतेच. किंवा घोडीपाशी गाठ सरकत असेल. किंवा नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचेत तार अडकत असेल. अडकण्याची खूण म्हणजे खुंटी फिरवताना काही होत नाही आणि मग टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. जुन्या वाद्यात ही टिंग फार सापडते, आणि नवी गिअरची खुंटी लावूनही ती जात नाही, कारण ती तिथली नाहीच.

गिअरही हवेत आणि डोकंही जड नको, अशांसाठी तिसरा रस्ता आहे: प्लॅनेटरी खुंटी. दिसायला फ्रिक्शनसारखी सरळ मागे निघालेली, आत मात्र बारीक चक्रं. जपानच्या गोतो कंपनीची यूपीटी ४:१ ची आहे, म्हणजे बटणाचे चार वेढे आणि दांड्याचा एक. चौदाच्या मानाने कमी वाटतं, पण युकुलेलेला चार पुरतात. सीचे ते आठ-दहा अंश तीस-चाळीस होतात आणि माणूस सुखी होतो. बॅंजोला असल्या खुंट्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. अडचण पैशाची: अशा सेटच्या किमतीत नवशिक्याचं एक अख्खं युकुलेले येतं, आणि जुन्या वाद्यात भोक थोडं रुंदही करावं लागू शकतं. मामांच्या वाद्यावर एवढा खर्च करावा का? ते घन लाकडाचं असेल आणि गोड वाजत असेल तर आणखी वर्षभराने विचार करा. लॅमिनेटचं असेल तर नको. ओळखायला साउंडहोलच्या, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाच्या, कडेकडे बघा: लाकडाच्या रेषा वरून कडेत आणि कडेतून आत सलग जातात का, की मध्ये सॅंडविचसारखे थर दिसतात?

गिटारवाल्या गिअरला मी नाही म्हणतो ते नुसत्या वजनामुळे नाही. त्यासाठी हेडस्टॉकच्या मागे स्क्रूची नवी छिद्रं पडतात, पुढची भोकं बहुतेकदा वाढवावी लागतात, आणि ते परत फिरवता येत नाही. जुन्या हेडस्टॉकचं लाकूड वाळून ठिसूळ झालेलं असतं, दोन छिद्रांमधून चीर जाते. वॉशरची दुरुस्ती फसली तर काहीच बिघडत नाही, दुसरे वॉशर लावायचे.

मुलीच्या नव्या वाद्याचं काम सोपं. नऊ वर्षांच्या हाताला कॉन्सर्ट, म्हणजे साधारण ३८ सेंटिमीटर तारलांबीचं, बरोबर बसतं आणि पुढेही पुरतं. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ १८६५ पासूनचं फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान आहे, उपनगरांतही दुकानं आहेत. ऑनलाइन घेण्यापेक्षा हातात घेऊन बघा, आणि मुलीला सोबत न्या. क्लिप ट्यूनर लावून प्रत्येक बटण किंचित पुढे-मागे करा. काटा हलायच्या आधी बटण किती मोकळं फिरतं ते बघा. थोडं चालेल, पाव वेढा मोकळा जात असेल तर दुसरं वाद्य मागा. एक-दोन मिनिटं जोरात वाजवून काटा पुन्हा बघा. मग मुलीला ते छातीशी धरायला सांगून डावा हात सोडायला लावा. डोकं हळूहळू खाली आलं तर ठीक, धाडकन आलं तर पट्ट्याचं बटण बसवून घ्या; कॉन्सर्टला ते शोभतं. १४:१ की १८:१ ह्यावर वेळ घालवू नका. क्लासमध्ये दहा मुलं असतात आणि शिक्षकाला सगळ्यांची वाद्यं लावून द्यायची असतात. तिथे फ्रिक्शनचं एक वाद्य आलं की अर्धा तास त्याच्यातच जातो, हेही तिला गिअरवालं देण्याचं चांगलं कारण आहे.

दोन-तीन महिन्यांत तिच्या कानाला जी-सी-ई-ए पक्कं झालं की मामांचं सोप्रानो तिच्या हातात द्या आणि तिलाच लावू द्या. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, त्यांना काट्याची घाई नसते. तोवर खुंट्या उघडल्याच आहेत तर त्याच्या तारा बदलून टाका. दुकानात सोप्रानोचा फ्लोरोकार्बनचा सेट मागा, पाकिटावर सोप्रानो लिहिलेलं आहे ना ते वाचा, आणि कोणी "आवाज मोठा येईल" म्हणून स्टीलच्या तारा पुढे केल्या तर घेऊ नका. खुंट्या तर सोडाच, त्या ओढीने घोडीच उखडून येईल.